सहा बाटल्यांचा तक्ता

भासरे आजारी पडले तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो.

भांडण नव्हतं. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भावजय भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेते, ते बसले असतील त्या खाटेवर बसत नाही आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. मी निवासी शाळेचं कोठीघर सांभाळते. दिवसभर गव्हाची पोती, तेलाचे डबे, चादरी मोजते, पुरवठादारांशी तावातावाने बोलते. पण घरी आले की भासऱ्यांचं ताट वाढल्याचं मी दाराच्या चौकटीला सांगते. "जेवण वाढलं हाये." ते त्यांचं उत्तर समोरच्या खुंटीला देतात. "वरणात मीठ कमी हाये." लग्नाला तेवीस वर्षं झाली, आमचं असंच चालतं आणि चांगलं चालतं. आमची मुलं त्यांना मोठेबाबा म्हणतात, म्हणून मीही त्यांच्यामागे मोठेबाबाच म्हणते. तोंडावर कधी म्हटलं नव्हतं.

मेडशीपासून जवळच आमचं गाव. सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, झालं होतं, ढीग शेतात होते आणि थ्रेशर आमच्या शेतात यायचा होता. नवरा त्याच्या मागे, रात्रीही ढिगांच्या राखणीला शेतातच. माझी जाऊ मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला. मुलं शिकायला बाहेर. रविवारी शेतात डब्यातली आंबलेली भाजी भासऱ्यांनी खाल्ली, फेकून द्यायची नाही म्हणून. संध्याकाळपासून जुलाब आणि उलट्या. सोमवारी सकाळी ते ओसरीवर येऊन बसले आणि खुंटीला म्हणाले, "अंगात जीव नाई राह्यला. बाटली लावा लागते."

बाटली म्हणजे सलाइन. आमच्या भागात दवाखान्यातून बाटली न लावता माणूस परत आला तर डॉक्टरने काही केलंच नाही असं समजतात. भेटायला येणारा पाहुणा आजार काय होता ते नंतर विचारतो. आधी विचारतो, "किती बाटल्या लागल्या?" दोन म्हटलं की मान हलवतो, पाच म्हटलं की खुर्ची ओढून बसतो.

मी रजा टाकली. शाळेतली एक कोरी वही घेतली आणि रकाने आखले: तारीख, बाटलीवरचं नाव, कधी सुरू, कधी संपली, सुई, गोळ्या, काय खाल्लं. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून मी लिहिते.

मेडशीचे डॉक्टर वयस्कर, साधे. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. "पाणी लय गेलं अंगातलं," म्हणाले आणि नॉर्मल सलाइनच्या दोन बाटल्या लावल्या. भासऱ्यांचा आवाज त्यानंतर जरा वर आला. पण रविवारपर्यंत आठ दिवस सोंगणीला वाकून त्यांची कंबर धरली होती.

"डॉक्टरसाहेब, दुखण्याची सुई द्या एक."

"जुलाबात ही सुई बरी नाही, पाटील."

"मंग मी इथं कायले आलो? बाटली तं माह्या भावानंही लावली असती."

डॉक्टर हसले. बाहेर रांग होती. त्यांनी सुई दिली. मी लिहिलं: दुखण्याची सुई, एक.

मंगळवारी परत तेच. दोन बाटल्या, नॉर्मल सलाइन, आणि भासऱ्यांनी मागून घेतलेली सुई. संध्याकाळी जुलाब थांबले. ते मला कसं कळलं, तर संडासाबाहेरची बादली मी भरते. सोमवारी ती नऊ वेळा भरावी लागली होती, मंगळवारी चार वेळा, आणि दिवे लावल्यावर एकदाही नाही. मी वहीत खूण केली आणि नवऱ्याला फोनवर सांगितलं, "उतार पडला."

बुधवारी नवऱ्याची आत्या भेटायला आली. भासरे खाटेवर पडून होते. जेवण नको, चहा नको, मधूनमधून उचकी.

"किती बाटल्या लागल्या?" आत्याने विचारलं.

"चार."

"चारच? आमच्या शेजाऱ्याले साध्या तापात सात लागल्या. अशक्तपणा हाये ना हा! दोन अजून लाव म्हणा." मग माझ्या हातातल्या वहीकडे बघून, "तू लिहून राह्यली का पाहून राह्यली वं सूनबाई? माणूस खाटेवर हाये, वहीत नाई."

मला राग आला. पण मलाही वाटत होतं की अशक्तपणाच आहे. आम्ही परत मेडशीला गेलो. पाचवी बाटली नॉर्मल सलाइन, सहावी साखर आणि मीठ दोन्ही असलेली. मी नावं लेबलवरून उतरवून घेतली.

गुरुवारी सकाळी भासरे ओसरीवर आले तेव्हा त्यांच्या उजव्या मनगटातलं चांदीचं कडं मांसात रुतलं होतं. एरवी ते कडं कोपरापर्यंत वर सरकतं. डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. आणि ते श्वास घेत होते तो पळून आल्यासारखा, खाटेवरून ओसरीपर्यंतच चालले असताना. मी दाराआडून मोबाईलवर एक मिनिट लावून मोजलं. अठ्ठावीस. मग खात्रीसाठी परत मोजलं. एकोणतीस.

मी नवऱ्याला फोन केला. थ्रेशर नेमका त्याच दिवशी आमच्या शेतात उभा होता. "मेडशी नाही, वाशिम," मी म्हणाले. नवऱ्याने शेजाऱ्याची जीप पाठवली आणि स्वतः निघतो म्हणाला, तर भासऱ्यांनी फोन मागून घेतला. "तू ढीग सोडू नोको. आभाळ आलं तं मातेरं होईल. मी काय मरून नाई राह्यलो."

ते पुढे बसले, मी मागे. बत्तीस-तेहेतीस किलोमीटर. वाटेतलं मालेगाव येईपर्यंत त्यांना अकरा उचक्या आल्या. त्यानंतर मी मोजणं सोडलं, कारण त्यांची मान एका बाजूला कलली होती आणि जीपवाला सारखा आरशातून माझ्याकडे बघत होता.

वाशिमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. त्यांनी रक्त काढलं, नाकाला प्राणवायूची नळी लावली आणि कागद येईपर्यंत मला बाहेर बसवलं. साडेअकराला आत बोलावलं. त्यांनी कागदावर एका आकड्याभोवती गोल केला होता.

"क्रिएटिनिन चार पूर्णांक दोन. एकच्या आसपास पाहिजे. यांच्या किडन्या जवळजवळ थांबल्यात. आधी काही त्रास होता? साखर, बीपी?"

"कधी तपासलंच नाही."

"या तीन दिवसांत काय काय दिलं?"

मी वही पुढे केली. त्यांनी ती वाचली, आधी उभ्याने, मग खुर्ची ओढून. बोट एकेका ओळीवरून फिरवलं. "असा तक्ता मला कोणी आणून देत नाही," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. त्या परिस्थितीतही बरं वाटलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मग त्यांनी पान उलटलं, परत सुलटं केलं.

"आणि लघवी? ते कुठे लिहिलंय?"

मी वाकून वहीतले रकाने परत पाहिले.

"किती होत होती, शेवटची कधी झाली?"

मी कोठीघरात आवक लिहिते तशी जावकही लिहिते. आवक लिहून जावक न लिहिणाऱ्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी रजिस्टरजवळ फिरकू देणार नाही. आणि इथे सहा बाटल्या आत गेल्याची मिनिटामिनिटाची नोंद होती आणि बाहेर काय आलं त्याला रकानाच नव्हता. विसरले नव्हते. भासऱ्यांच्या बाबतीत तो प्रश्न माझ्या मनापर्यंतच आला नव्हता.

"ते माझे भासरे आहेत," मी म्हणाले.

डॉक्टरबाई वऱ्हाडातल्याच असाव्यात, कारण पुढे काही विचारलं नाही. "ठीक आहे. पण मला ते कळलं पाहिजे. आत्ता. किडनी कोरडी पडून थांबली असेल तर पाणी द्यावं लागेल. कालपासून पूर्ण बंदच असेल तर आणखी पाणी छातीत भरेल. दोन्हींचा उपाय उलटा आहे." त्यांनी वॉर्डातल्या मामांना पाठवलं.

पडद्याआडून मला ऐकू येत होतं.

"काका, लघवी होते ना?"

"होते ना."

"किती वेळा?"

"जशी होते तशी. तुमच्यासारखीच."

मामा हसत बाहेर आले. "होते म्हणतात."

डॉक्टरबाईंनी पेन उचललं. आणि मला बादली आठवली. जुलाब थांबल्यावर बुधवारी सकाळी मी ती काठोकाठ भरली होती. गुरुवारी सकाळी, निघण्याआधी, ती तशीच काठोकाठ होती. पण तो काही पुरावा नव्हता. पुरुषमाणूस कुंपणाकडेही जातो. मी डॉक्टरबाईंना म्हणाले, "थांबा. मी विचारते."

मी पडदा सारला. डोक्यावर पदर होता, तो कपाळापर्यंत ओढला आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले. ते स्टँडकडे बघत होते. बाटली अजून अडकवली नव्हती, नुसता हूक होता.

"मोठेबाबा," मी म्हणाले.

ते हुकाकडेच बघत राहिले, पण उचकी मध्येच अडकल्यासारखी झाली.

"मोठेबाबा, माह्याकडे पाहू नका. पण खरं सांगा. लघवी कवापासून नाई?"

"हे काय ईचारणं झालं?"

"डॉक्टरबाईले ठरवा लागते, पाणी द्याचं का बंद कराचं. चुकलं तं अकोल्याले नेऊन मशीनवर रक्त धुवा लागते. आठवड्यातून दोन-तीनदा. मंग सोंगणी नाई, पेरणी नाई."

शेजारच्या खाटेवरच्या बाईने रेडिओसारखी बडबड चालवली होती, ती थांबली. मग ते म्हणाले, हळू, आणि हुकाला नाही, "काल सकाळी झाली होती. अर्धा कप. रंग काळ्या चहासारखा. त्याच्यानंतर नाई."

"काहून नाई सांगतलं?"

"कोणाले सांगू वं माय? घरात तूच होती."

मी बाहेर येऊन डॉक्टरबाईंना शब्दशः सांगितलं. त्यांनी एकदाच मान हलवली आणि मग सगळं भराभर झालं. मामांनी लघवीची नळी घातली. पिशवीत साठ मिली उतरली, गडद; म्हणजे अगदी कमी, पण पूर्ण बंद नाही. सोनोग्राफीचं छोटं यंत्र ओढत आणलं. डॉक्टरबाई भासऱ्यांच्या पोटावर यंत्र फिरवत होत्या आणि यंत्राच्या पडद्यावरची एक काळी पट्टी बघत होत्या. ती प्रत्येक श्वासाला चपटी होत होती.

"अंगावर सूज आहे, पण मोठी नस रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "पाणी आहे, जागेवर नाही. आणि छाती अजून कोरडी आहे. म्हणजे आपल्याला थोडी जागा आहे. थोडीच."

मी विचारलं, हे बाटल्यांनी झालं का.

त्यांनी हातमोजे काढले. "पहिल्या दोन बाटल्यांनी जीव वाचवला असेल. मेडशीच्या डॉक्टरांना दोष देऊ नका. पण या बाटलीत मिठातलं क्लोराइड रक्तातल्यापेक्षा पुष्कळ जास्त असतं. धडधाकट माणसाला एक-दोन बाटल्यांनी काही होत नाही. त्याच बाटल्या एकामागून एक जात राहिल्या की रक्त आंबट होतं. किडनीत रक्त नेणारी नळीही आवळू शकते. यांची किडनी आधीच पाण्यावाचून सुकलेली. त्यावर दुखण्याच्या दोन सुया, त्याही तीच नळी आवळतात. तीन गोष्टी एकत्र आल्या."

"पाचवी-सहावी वेगळी असती तर?"

"कदाचित इतकं झालं नसतं. कदाचित सुयांनीच झालं असतं. ठाम कोणी सांगू शकणार नाही, मीही नाही."

मला ठाम उत्तर हवं होतं. त्या माणसाला बरं करण्यापेक्षाही त्या मिनिटाला मला ते जास्त हवं होतं.

त्यांनी जी बाटली मागवली ती रिंगर लॅक्टेट होती. सगळे आरएल म्हणतात. तिच्यातले क्षार रक्ताच्या जवळ असतात, त्या म्हणाल्या. पाच तासांत एकच बाटली, अगदी सावकाश, आणि दर तासाला पिशवीतली लघवी मोजायची. "संध्याकाळी सहापर्यंत तासाला तीस मिलीच्या वर गेली नाही, किंवा श्वास वाढला, तर मी इथे ठेवणार नाही. अकोल्याला डायलिसिससाठी पाठवेन. गाडी सांगून ठेवते."

बाटली लागली, थेंब सुरू झाले आणि पंधराच मिनिटांत शेलूबाजारहून फोन आला. नवऱ्याचा चुलतभाऊ. त्याचं तिथे औषधाचं दुकान आहे आणि घरातल्या प्रत्येक आजारात त्याचा शब्द शेवटचा.

"वहिनी, कोणती बाटली चालू हाये?"

"आरएल."

"आरएल? किडनीच्या पेशंटले? बंद करा पह्यले! पोटॅशियम असते त्याच्यात. किडनी बंद अन् वरून पोटॅशियम, हृदय थांबते. मी वीस वर्षं औषधं विकून राह्यलो, मले कोणी शिकवाचं नाई. थ्या बाईले म्हणा नॉर्मल सलाइनच लावा, नाईतर आत्ताच अकोल्याले हलवा. मी गाडी करतो."

"थांब, विचारते."

"ईचारता काय! दादा मेला तं थे बाई येणार हाये का उत्तर द्याले?"

फोन हातात धरून मी डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांच्यासमोर दुसरा पेशंट होता. मी तरी विचारलं. मला वाटलं चिडतील. त्या चिडल्या नाहीत. भासऱ्यांचा कागद काढला, पोटॅशियमचा आकडा दाखवला. पाच पूर्णांक तीन. "वरच्या टोकाला आहे, म्हणून मीही घाबरूनच आहे. पण आरएलमध्ये आहे ते रक्तात असतं तेवढंच आहे, त्याहून कमीच. पोटॅशियम वर चढवतं ते रक्तातलं आंबटपण. ते कमी झालं तर हेही उतरेल. तीन वाजता मी परत रक्त पाठवते. साडेपाचच्या वर गेलं तर मी स्वतः बाटली काढेन." मग थोडं थांबून, "निर्णय तुमच्या घरचा आहे. हलवायचं असेल तर मी अडवणार नाही. पण दीड तास रस्त्यात कोणी काही मोजणार नाही."

मी परत खाटेजवळ आले. चुलतभाऊ फोनवरच होता. त्याला होल्डवर ठेवून नवऱ्याला लावला, पण थ्रेशरच्या गोंगाटात त्याने उचलला नाही. घरातलं मोठं माणूस ठरवतं अशी आमची रीत, आणि घरातलं मोठं माणूस समोर खाटेवर पडून होतं.

"मोठेबाबा," मी दुसऱ्यांदा म्हणाले, आणि या वेळी सोपं गेलं नाही, पहिल्यापेक्षा अवघड गेलं. दोघांचं म्हणणं त्यांना सांगितलं. डॉक्टरबाईंचं जसंच्या तसं, चुलतभावाचं थोडं कमी आवाजात.

"तुले काय वाटते?" त्यांनी विचारलं.

तेवीस वर्षांत त्यांनी मला काही विचारलं नव्हतं.

"तीन वाजेपर्यंत थांबू. रक्त परत पाहतील. तवा आकडा चढला तं मी स्वतः गाडी बोलावते म्हणून सांगते त्याले."

"सांग मंग."

मी चुलतभावाला सांगितलं. तो म्हणाला, "लिहून ठेवा वहिनी वहीत, मी काय म्हटलं होतं थे." आणि फोन ठेवला. मी लिहून ठेवलं नाही.

बारा ते एक: दहा मिली. पिशवीला रेघा आहेत, पण पहिल्या दोन रेघांमध्ये नीट कळत नाही, म्हणून मी मामांकडून मोजायचा पेला मागून घेतला. वाकायचं, पिशवीची तोटी उघडायची, पेल्यात घ्यायचं, उजेडात धरायचं, लिहायचं. पहिल्या वेळी भासऱ्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. माझेही कान तापले होते. पण एकदा आकडा वाचायला लागलं की फक्त आकडा राहतो.

एक ते दोन: पंधरा. श्वास अठ्ठावीस.

दोन ते तीन: पंधरा. श्वास अठ्ठावीस. बाटली अर्ध्याच्या खाली. सूज आहे तशीच. कड्याखाली लाल वळ. मी मामांकडून साबण आणून कडं काढायचा प्रयत्न केला, निघालं नाही. डॉक्टरबाई येऊन पाठीला यंत्र लावून ऐकून गेल्या, काही बोलल्या नाहीत. न बोलल्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळेना. तीन वाजता रक्त गेलं.

कागद यायला पन्नास मिनिटं लागली. त्या पन्नास मिनिटांत चुलतभावाचे चार फोन आले. मी चारही घेतले नाहीत. समजा तो बरोबर असला तर? तो काही वाईट माणूस नाही. माझ्या मुलाच्या डेंग्यूत रात्रंदिवस धावला होता. आणि मी कोण? चादरी मोजणारी बाई. एका अनोळखी डॉक्टरच्या शब्दावर मी नवऱ्याच्या भावाच्या नसेत थेंबथेंब काहीतरी जाऊ देत होते, आणि घरातलं कोणीही नंतर असं म्हणणार नव्हतं की ते आजाराने गेले. म्हणणार होते, ही होती तिथे.

कागद आला. पोटॅशियम पाच पूर्णांक एक. रक्तातलं आंबटपणही थोडं, अगदी थोडं, उतरलं होतं. क्रिएटिनिन चार पूर्णांक तीन, म्हणजे उलट वर. डॉक्टरबाई म्हणाल्या, ते असंच मागून चालतं, आत्ता पिशवीकडे बघा.

पिशवीत तीनपासूनचे पंचवीस होते.

चारला नवरा आला, अंगावर सोयाबीनचा भुसा तसाच. भावाला बघून तो भलतंच बोलला. "थ्रेशर झाला. चांगलं निंघालं."

"किती निंघालं?" भासऱ्यांनी विचारलं. उचकी. "ओलावा पाह्यला का?"

नवऱ्याने माझ्या हातातला पेला पाहिला आणि गोंधळला. "दे इकडे, मी करतो. तू बाहेर बस."

"तिलेच करू दे," भासरे म्हणाले. "तुले आकडे कवा जमले?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला, मग भावाकडे. मी पदर नीट केला आणि काही झालंच नाही असं वाकून तोटी बंद केली.

चार ते पाच: चाळीस. मी पेला दोनदा वाचला, मग नवऱ्याला वाचायला लावला, मग मामांना. रंगही बदलला होता, काळ्या चहावरून मोहरीच्या तेलाकडे आला होता. बाटली संपली. डॉक्टरबाईंनी दुसरी लावली नाही. "आता किडनीला चालू द्या एकटीला," त्या म्हणाल्या.

पाच ते सहा. ती साठ मिनिटं मी काहीच केलं नाही. बाटली नव्हती, थेंब नव्हते, मोजण्यासारखे फक्त श्वास होते. बाहेर अकोल्याची गाडी येऊन उभी होती, ड्रायव्हर दारात येऊन दोनदा विचारून गेला. सहाला डॉक्टरबाई स्वतः आल्या. पेला त्यांनी धरला, तोटी मी उघडली.

साठ.

"गाडीला परत जायला सांगा," त्या मामांना म्हणाल्या. "श्वास?"

"बावीस."

भासऱ्यांना झोप लागली होती. उचकी कधी थांबली ते आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं.

नऊ दिवस आम्ही तिथे होतो. तिसऱ्या दिवशी आकडा उतरायला लागला. चार, साडेतीन, पावणेतीन. जाऊ नागपूरहून आली तेव्हा मी पेला तिच्या हातात दिला. चुलतभाऊही आला, डॉक्टरबाईंशी अर्धा तास वाद घातला, आणि जाताना मला म्हणाला, "वहिनी, तुमी फोन उचलाले पाह्यजे होता." हे त्याचं खरंच होतं.

मेडशीच्या डॉक्टरांकडे मी स्वतः गेले. भांडायला नाही. वहीच्या पानांची नक्कल त्यांना दिली, वाशिमचे कागद दिले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "सुई मी द्यायला नको होती," ते म्हणाले. मी म्हणाले, "मागायला आम्हीही नको होती." आता त्यांच्याकडे बाटली लावलेल्या माणसाला दुसऱ्या बाटलीआधी लघवीचं विचारतात असं ऐकते. बायकांना त्यांची बायको विचारते.

दिवाळीनंतर परत तपासलं तेव्हा क्रिएटिनिन एक पूर्णांक पाच होतं. मी डॉक्टरबाईंना विचारलं, म्हणजे किडनी पूर्ण बरी झाली का, की थोडी गेली ती गेलीच?

"आजाराआधी किती होतं?" त्यांनी उलट विचारलं.

ते कोणालाच माहीत नव्हतं. भासऱ्यांनी बासष्ट वर्षांत कधी रक्त दिलं नव्हतं. कदाचित हा त्यांचा जुनाच आकडा असेल. कदाचित एक बारीकसा तुकडा त्या तीन दिवसांत गेला असेल आणि आता परत येणार नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, दर तीन महिन्यांनी बघत राहू. दुखण्याची सुई आणि गोळी कायमची बंद, आणि कोणतीही बाटली लावण्याआधी हा कागद दाखवायचा.

पुढची तारीख हरभऱ्याच्या काढणीत येते. भासरे म्हणाले, काढणी सोडून येतो. मी वहीत लिहून घेतलं.